हिरवी शिट, राणीखेत आणि माझा 'अडाणीपणा'

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि मग झोप काय लागली नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोंबडा गप बसला की काय बघायचं, असा लेख मी मागच्या आठवड्यात टाकला होता. त्यात एक वाक्य होतं, हिरवी पातळ शिट दिसली की राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) समजा आणि कोंबडा बाजूला काढा. त्यावर कराडच्या या ताई लिहितात, "हिरवी शिट दिसली की राणीखेत, हा निव्वळ अडाणीपणा आहे. चार कोंबड्या पाळल्या म्हणून कुणी डॉक्टर होत नाही." पुढं अजून तीनचार मुद्दे आहेत: तापाचा आकडा चुकलाय, अंदाजानं अँटिबायोटिक पाजू नका, मेलेला पक्षी उघड्या हातानं धरू नका, सरळ व्हेटला दाखवा.

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे हा माणूस ऐकूनच घेत नाही असं व्हायला नको. कोंबड्याचं नॉर्मल टेंपरेचर मी १०२ लिहिलं होतं, ते चूक. कोंबडीचं अंग मुळातच गरम, १०६-१०७ फॅरनहाइटच्या आसपास. १०२ हा म्हशीचा आकडा, दावणीला म्हशी आहेत त्यामुळं तोच डोक्यात बसलेला. दुरुस्त केलंय. तसंही कोंबड्याला थर्मामीटर लावतंय कोण, पण चूक ती चूक.

आता 'अडाणीपणा'. ताई, हा शब्द तुम्ही सहज टाइप केला असेल, मला तो लागला. पहिली गोष्ट, चार नाहीत, बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. दुसरी, तासगाव भागात आमच्या वस्तीवर खुराडं नव्हतं असं एकही वर्ष मला आठवत नाही. आई शाळेची पायरी चढली नाही, पण संध्याकाळी डालग्याखाली पक्षी झाकताना प्रत्येकाला हातात घ्यायची, छातीचं हाड बोटाला टोचतंय का बघायची, शेपटाखाली पिसं फुंकून उवा बघायची, आणि घरघर वाटली तर कोंबडा कानाशी धरून ऐकायची. तुम्ही कधी कोंबडा कानाशी धरलाय का? खरंच विचारतोय.

मी सातवीत असताना उन्हाळ्यात मर आली. आमच्याकडं तिला मानमोडी म्हणतात, राणीखेत हे नाव मला फार पुढं कळलं (ते डोंगरातल्या एका गावाचं नाव आहे, इंग्रज लोक न्यूकॅसल म्हणतात तेही गावाचंच, रोगाला गावाचं नाव द्यायची काय हौस असते कळत नाही). पहिल्या दिवशी पक्षी नुसते फुगून बसले, दुसऱ्या दिवशी हिरवी पाण्यासारखी शिट, काही तोंड उघडून श्वास घेत होते, आणि चार दिवसात सव्वीसचे तीन राहिले. त्या तिघातल्या एका तलंगीची मान शेवटपर्यंत वाकडी होती. दाणा टिपायला जायची आणि चोच चार बोटं बाजूला मातीत आपटायची, मग आई तळहातावर दाणे घेऊन तिच्या चोचीजवळ धरायची. दोन वर्षं जगवली तिनं ती. आता हे ज्यानं डोळ्यानं बघितलंय त्याला हिरवी शिट दिसल्यावर आधी काय आठवणार? आणि मॅडम, त्या बाईला तुम्ही अडाणी म्हणणार असाल तर म्हणा.

बरं, मी लिहिलं होतं 'समजा'. 'असतोच' असं लिहिलेलं नाही, परत जाऊन वाचा. समजा म्हणजे तसं धरून चाला, पक्षी वेगळा करा, त्याचं भांडं वेगळं, त्याला हात लावून तसंच बाकीच्यात जाऊ नका. राणीखेत निघाला तर बाकीचे वाचले, नाही निघाला तर दोन दिवस कोंबडा एकटा बसला, त्यात कुणाचं काय गेलं? लसीचंही मी लिहिलं होतं, त्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाही. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि सहा ते आठ आठवड्याला आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. शंभर डोसची बाटली फोडली की ती तासा-दोन तासात संपवावी लागते, मग मी आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एका सकाळी गोळा करतो. हे करणारा माणूस अडाणी.

व्हेटला दाखवा म्हणता. दाखवतो की! याच जूनमधली गोष्ट. आमचा मोठा तांबडा कोंबडा पहाटे आरवला नाही. बघतो तर शेपूट खाली, तुरा काळपट, डोळे मिटून कोपऱ्यात उभा, आणि खाली हिरवी शिट. मी नियमाप्रमाणं त्याला गोठ्यात वेगळा बांधला आणि घरात सांगितलं, राणीखेत आलाय. दोन दिवस झाले, बाकीचे तेरा एकदम ठणठणीत, उकिरड्यावर उड्या मारतायत. तिसऱ्या दिवशी सकाळी काही खायला घालायच्या आधी मी त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. रात्रभरात ती रिकामी व्हायला पाहिजे, तर हाताला टेनिस बॉलएवढा गोळा, दाबला तरी हलेना, आणि तोंडाला आंबूस वास. थोडं गोडेतेल पाजून चोळून बघितलं, काही नाही. मग पाटीत घालून सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पिशवीला छेद दिला आणि आतनं काय निघावं, द्राक्षबागेतल्या सुतळीचे तुकडे, वाळल्या गवतात गुंडाळून अशी वेणी झालेली, जवळजवळ वीतभर. टाके घातले. डॉक्टर म्हणाले, अहो याच्या पोटात दाणाच जात नव्हता, नुसतं पित्त उतरत होतं म्हणून शिट हिरवी. उपाशी पक्ष्याची शिट हिरवीच होते.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर मी म्हणत होते. नाही ताई, तुम्ही हे म्हणाला नव्हता, तुम्ही अडाणी म्हणाला होता, फरक आहे. उपाशीपोटी शिट हिरवी होते हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. जूनपासून माहीत होतं. लेखात लिहायचं राहिलं, कारण लेख आधीच लांबला होता आणि लांब लेख कुणी वाचत नाही अशी तुमच्यासारख्यांचीच तक्रार असते. शिवाय पिशवी चाचपून निदान कुणी केलं? मी केलं. डॉक्टरांनी कापली फक्त.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर आमच्याकडं पाण्यातनं पावडर सगळेच देतात. राणीखेत व्हायरसचा आहे, त्यावर ती चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे, त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहीन. मेलेल्या पक्ष्याचं, हातमोज्यांचं आणि बर्ड फ्लूचं तुम्ही लिहिलंय ते ठीक आहे, २००६ ला नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते आम्ही पण पेपरात वाचलंय. प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला माझ्याकडं वेळ नाही, आत्ता चारा कापायला जायचंय.

टीका करा, माझी ना नाही. तीन वर्षं लिहितोय, लोकांनी चुका दाखवल्यात, मी दुरुस्तही केल्यात, वर म्हशीचं बघितलंच. पण तुमचा सूर असा की जणू मी कोंबडी फक्त ताटात बघितलीय. हेच "दादा, एकटाच पक्षी आजारी असेल तर आधी पिशवी बघायला सांगा" असं लिहिलं असतं तर मी तुमचे आभार मानून तिथंच वाक्य वाढवलं असतं.

तसं ते वाक्य सकाळी वाढवलंय. 'हिरवी शिट दिसली तर पक्षी वेगळा काढा. एकटाच आजारी असेल तर सकाळी उपाशीपोटी दाण्याची पिशवी चाचपा, सगळेच बसले असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.' तुमच्या प्रतिक्रियेमुळं वाढवलेलं नाही. आमच्या हिनं लेख वाचला आणि विचारलं, मग त्या सुतळीचं का नाही लिहिलं.