खांडीवर उभं राहून बोललो तेव्हा काम झालं

मंडळी, आज थोडं लांबलचक लिहितोय. खाडीकाठचे सरपंच, ग्रामसेवक, मच्छीमार सोसायट्यांचे चेअरमन यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावात खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं, त्याला आता तीन पावसाळे झाले. पहिल्या वर्षी जेमतेम बैलगाडी जाईल एवढी होती. पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणांनी ती इतकी वाढवली की होडी आत यायला लागली. भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली, तळ्यातला जिताडा मासा गेला. मार्चमध्ये शेतात गेलं की ढेकळांवर मिठाची पांढरी साय धरलेली दिसायची.

निवेदनं आम्हीही दिली. एका कार्यालयाने सांगितलं, खांडीच्या तोंडाशी कांदळवन उगवलंय, दुसऱ्या खात्याचं पत्र आणा. दुसऱ्यांनी सांगितलं, पहिल्यांचा नकाशासह प्रस्ताव येऊ दे, मग बघू. तिसरीकडे पंचनाम्याची प्रत मागितली. यात चौदा महिने गेले.

राग यायचा, पण नियमाने बघितलं तर कुणीच खोटं बोलत नव्हतं. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीसुद्धा कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते बरोबरच आहे. बांधावर येणारी लाट आधी ही झाडंच अंगावर घेतात. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक खात्याला आपापला तुकडा दिसत होता आणि अख्खी खांड फक्त आम्हाला दिसत होती.

आमच्या भागात पूर्वी बांध राखायला जोळ असायची. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस उधाणाच्या रात्री बांधावर. १९४८ साली खारभूमीचा, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनींचा, कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, आणि बांध सरकारकडे गेला. सरकारने मोठी कामं केली, उघाड्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायची झडपांची दारं, बांधल्या, हे मान्य करायलाच हवं. पण बांध आपला राहिला नाही ही भावनाही तेव्हाच घुसली. उघाडीच्या झडपेत ओंडका अडकलेला दिसला तरी आम्ही ‘साहेबांना कळवा’ म्हणून पुढे जायला लागलो. ही चूक आमची.

शेवटी ग्रामसभेत ठरलं, आता पत्रं पुरे, सगळ्यांना एकाच दिवशी खांडीवर बोलवायचं. दिवस आम्ही काढला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. कार्यालयाच्या कॅलेंडरात हे कुठून असणार? ते आपणच सांगायला हवं. प्रत्येकाकडे स्वतः गेलो, एकदा नाही, तीन-तीनदा. ‘दुसरे साहेब येणार आहेत’ हे प्रत्येकाला सांगितलं.

त्या दिवशी तरुण इंजिनिअर मॅडमनी चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत चिखलात उतरल्या. मागोमाग वनरक्षक, मग तलाठी भाऊसाहेब. तिथे उभं राहिल्यावर कळलं, दोन्ही खाती एकमेकांच्या पत्राची वाट बघत होती. आमच्यातल्या एका आजोबांनी काठीने आतल्या बाजूला टोचून दाखवलं. चिखलाखाली दगड लागले. जुना बांध तिथून जात होता! त्या रेषेवर बांध वळवला तर एकही झाड जात नव्हतं. ज्यांची पट्टी जाणार होती त्या दोघा शेतकऱ्यांनी तिथल्या तिथे संमती दिली. दीड तासात हे झालं.

मग एकच प्रस्ताव गेला, सगळ्यांच्या सह्यांचा. गेल्या मे महिन्यात खांड बुजली. या पावसाने मीठ बरंच धुतलं आणि निम्म्या शेतात खाऱ्या जमिनीत टिकणारं भात उभं राहिलं. असं बियाणं पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेलं आहे. त्यांच्याशीही आधीपासून संबंध ठेवायला हवा होता, हे आता वाटतं.

खाती एकत्र आली की काय होतं, हे समुद्रावर आपण बघतोच. जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला तर पूर्वी मच्छीमार काय करणार? जाळं कापायचं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. डिसेंबर २०१८ पासून जाळं कापून त्या जिवाला सोडलं, त्याचा फोटो-व्हिडिओ दाखवला, की २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष दोघांनी मिळून ही योजना चालवली. एकट्या कुणाला ते जमलं नसतं, कारण बोटींची माहिती एकाकडे आणि वन्यजीवांचं काम दुसऱ्याकडे.

मला खरी धास्ती आहे ती बदल्यांची. साहेब बदलले, सरपंच बदलले की सगळी ओळख पुसली जाते. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत बांधाची वही ठेवलीय. कुठे झिरपतंय, कोण कधी येऊन गेलं, काय कबूल झालं, सगळं त्यात. नवीन अधिकारी आले की महिन्याच्या आत त्यांना बांधावरून चालवत न्यायचं, चहा उघाडीपाशी. आणि ज्यांनी काम केलं त्यांचं नाव ग्रामसभेत घ्यायचं, मोठ्याने. मॅडमची बदली झाली तेव्हा अख्खा गाव निरोपाला होता.

त्यांच्या जागी नवे साहेब मागच्या सोमवारी रुजू झालेत. फोन केलाय, येतो म्हणालेत. येत्या अष्टमीला, सकाळी अकरा वाजता, उघाडीपाशी. शेजारच्या गावांतून ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापल्या बांधाचा सातबारा आणि गटनकाशा बरोबर आणा.