‘निवांत’वरचा चातुर्मास

चातुर्मासात प्रवास करू नये, एका जागी मुक्काम करावा, असे आपल्याकडे साधुसंतांना सांगितलेले आहे. शिडाच्या होडीला ते कोणी सांगावे लागत नाही. जूनच्या आरंभी नैर्ऋत्येचा वारा केरळच्या किनाऱ्यावर येऊन थडकला की अरबी समुद्रच तिला हा नियम समजावून सांगतो, आणि तोही एकदाच. कोकणात या दिवसांत होड्या ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात आणि माणसे घरी जातात. आमची ‘निवांत’ मात्र कोचीला बोलगट्टी बेटाच्या मरिनात, म्हणजे होड्यांच्या धक्क्याला, पाण्यावरच बांधलेली असते, आणि आम्हाला घरी जाता येत नाही, कारण आमचे घर तीच आहे. साधूंचा चातुर्मास ग्रंथवाचनात जातो, आमचा संडासाच्या दुरुस्तीत.

आमचे हे निवृत्तीपूर्वी मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. आपल्याकडचे खलाशी चीफ इंजिनिअरला ‘बडा साब’ म्हणतात. त्या काळी इंजिनरूममध्ये काही बिघडले की बडा साब फिटरला सांगत, फिटर ऑइलरला सांगे, ऑइलर वायपरला, आणि तासाभराने बडा साबांच्या हाती ‘काम झाले’ असा निरोप आणि गरम कॉफी येई. ‘निवांत’वर ही उतरंड अजून शाबूत आहे, फक्त फिटर, ऑइलर, वायपर आणि कॉफी ही चारही खाती माझ्याकडे आहेत. मी एकतीस वर्षे बँकेत काढली. त्या अनुभवाचा समुद्रावर काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. पण झाला, तो कसा ते पुढे येईलच.

सदतीस फुटांची होडी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंगला उभा राहतो. त्यातले पुढचे टोक नांगराच्या साखळीचे, मागचा भाग उघड्या कॉकपिटचा, म्हणजे होडी हाकायला बसायच्या जागेचा, पायऱ्यांखालची जागा इंजिनाची. उरलेल्यात स्वयंपाकघर, दिवाणखाना, दोन केबिन आणि संडास. रुंदी जास्तीत जास्त जिथे आहे तिथे बारा फूट. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहत होतो, तेव्हा जागा पुरत नाही म्हणून मी रडले होते, त्याची मला आता लाज वाटते. तिथे निदान भिंती सरळ होत्या. होडीची भिंत खाली जाता जाता आत वळते, त्यामुळे इथले प्रत्येक कपाट मुळातच तिकोनी असते, आणि तिकोनी कपाटात नीट बसेल अशी वस्तू मी समोशाखेरीज अजून पाहिलेली नाही.

जिथे म्हणून बसता येते तिथे खाली कप्पा असतो, त्या कप्प्याच्या तळाशी फळी असते आणि फळीखाली आणखी एक कप्पा असतो. जी वस्तू हवी असते ती नेमकी आपण बसलेलो असतो त्याच्या खाली सापडते. उठून दुसरीकडे बसावे, तर पुढची वस्तू तिथे असते. यावर उपाय म्हणून मी पहिल्याच वर्षी एक लांबोडकी खातेवही घातली. ‘तांदूळ, दहा किलो : दिवाणखाना, उजवे बाक, मागचा कप्पा, जीवरक्षक जाकिटांखाली.’ ‘गोडा मसाला : डावे बाक, बॅटरीच्या शेजारी (तपासणे).’ होडीवर उजवे-डावे म्हणायचे नसते, स्टारबोर्ड आणि पोर्ट म्हणायचे असते, असा ह्यांचा आग्रह आहे. पण गोडा मसाला पोर्टला आहे असे लिहायला माझा हात धजावत नाही. वही चोख आहे. ताळा मात्र कधीच बसत नाही, कारण हे नोंद न करता वस्तू हलवतात. बँकेत अशा माणसाची चौकशी लागली असती.

आता त्या संडासाविषयी. याला बटण किंवा साखळी नसते, हातपंप असतो. आधी होडीच्या बुडाशी असलेला समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, खटका एका बाजूला करून दट्ट्याने पाणी आत ओढायचे, मग खटका फिरवून तेच पाणी वीस वेळा दट्ट्या मारत पुढे ढकलायचे, आणि शेवटी व्हॉल्व्ह न विसरता बंद करायचा. हे शेवटचे विसरल्यामुळे बांधल्या जागी बुडालेल्या होड्या आहेत. बंदरात हा ऐवज बाहेर सोडायचा नसतो, म्हणून तो नळीतून टाकीत जातो. गेलेले परत येऊ नये यासाठी पंपाच्या तोंडाशी रबराची एक झडप असते आणि तिचे नाव ‘जोकर व्हॉल्व्ह’ असे आहे. हे नाव मी दिलेले नाही. ज्याने दिले त्याने ती झडप एकदा तरी स्वतःच्या हातांनी बदललेली असली पाहिजे.

किनाऱ्यावर स्वच्छ संडास आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. रात्री अडीच वाजता, मुसळधार पावसात, हातात छत्री घेऊन डुलत्या धक्क्यावरून शंभर पावले टाकून पाहावीत, आणि मग म्हणावे.

तर आषाढातल्या एका मंगळवारी पहाटे पंपाचा दांडा निम्म्यावर अडला. हे बाहेर आले आणि म्हणाले, “जरा जड जातोय.” आमच्या संसारात ‘जरा’ या शब्दाने सुरू झालेले एकही काम एका दिवसात संपलेले नाही. बिघाडाचे निदान पाच मिनिटांत झाले. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि माणसाची लघवी यांची नित्य गाठ पडली की नळीत आतून चुनखडीसारखा दगडी थर धरतो, आणि दीड इंची नळी काही वर्षांत करंगळीएवढी उरते. ते टाळण्यासाठी अधूनमधून व्हिनेगर ओतायचे असते. आम्ही ते नियमाने ओतत होतो. म्हणजे हे ओततात असे मी समजत होते, मी ओतते असे हे समजत होते, आणि बाटली प्रत्यक्षात मी एका मल्याळी ताईंच्या कृतीने केलेल्या माशाच्या लोणच्यात संपली होती. लोणचे उत्तम झाले होते, एवढे नमूद करते.

नळी संडासातून निघते, कपड्यांच्या कपाटामागून जाते आणि आमच्या बिछान्याखालून टाकीला पोचते. त्यामुळे गादी निघाली, गादीखालच्या फळ्या निघाल्या, मग जादा नांगर, वादळातले छोटे शीड, पापडांचा डबा, गुळाच्या ढेपा, भाचीच्या लग्नासाठी प्लास्टिकमध्ये हवाबंद केलेली माझी पैठणी असे सर्व दिवाणखान्यात आले, आणि दिवाणखान्यात आम्ही मावेनासे झालो. मी पायऱ्यांवर उभी राहिले. ह्यांचे फक्त पाय दिसत होते; बाकीचे हे कप्प्यात उलटे उतरलेले होते आणि तिथून आज्ञा येत होत्या.

“अगं, सात नंबरचा पाना दे.”

“अहो, वहीत तो पुढच्या केबिनमध्ये डावीकडे आहे.”

“तिथे नाही. मी गेल्या महिन्यात हलवला.”

“कुठे?”

यावर कप्प्यातून बराच वेळ काहीच आले नाही.

नळी आवळणाऱ्या क्लिपा गंजलेल्या होत्या. त्या निघाल्या तेव्हा ह्यांच्या चार बोटांची सालटी त्यांच्याबरोबर निघाली. नळीचे तोंड मऊ पडावे म्हणून त्यावर उकळते पाणी ओतावे लागते, म्हणून मी चहासाठी ठेवलेले आधण त्या कामी गेले. दुसऱ्यांदा ठेवले, तेही गेले. तिसऱ्यांदा मी पाण्यात आधीच चहापत्ती घातली. नळी सुटली त्या क्षणाचे वर्णन मी करत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी जेवत असेल.

असा थर काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती नळी धोब्यासारखी आपटणे. संध्याकाळी पाऊस थोडा उघडला, तेव्हा बडा साब दहा फुटांची नळी खांद्यावर टाकून किनाऱ्यावरच्या काँक्रीटपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती आपटू लागले. नेमक्या त्याच वेळी पुण्याहून वन्संचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना रोज आमचा सूर्यास्त हवा असतो. आकाश डांबरासारखे होते, तरी मी फोन पश्चिमेकडे धरला.

“काय भाग्यवान गं तुम्ही!” वन्सं म्हणाल्या. “दोघंच, अथांग पाणी, ना कुणाची कटकट. आणि हा धप् धप् आवाज कसला?”

“लाटांचा,” मी म्हणाले.

तोवर आजूबाजूच्या होड्यांवरची मंडळी छत्र्या घेऊन जमली होती. दर्यावर्दी एकत्र आले की देवमासे, तारे आणि वादळे यांवर बोलत असतील असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते नळ्या, बॅटऱ्या आणि बुरशी यांवर बोलतात. एका ऑस्ट्रेलियन आजोबांनी नळीतून पडलेला चुनखडीचा तुकडा उचलून जवाहिऱ्यासारखा उजेडात धरला आणि विचारले, “किती वर्षांचा?” हे म्हणाले, “चार.” आजोबांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात इतका आदर होता की ह्यांना सालटलेल्या बोटांचा विसर पडला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या एकाही प्रशस्तिपत्राकडे मी ह्यांना असे पाहताना पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी नळी बसली, जोकर बदलला, सामान कप्प्यांत गेले, आणि मी प्रत्येक वस्तू समोर उभी राहून वहीत उतरवून घेतली.

पुढे नारळी पौर्णिमा आली. मी मट्टनचेरीला जाऊन एका कोकणी दुकानातून नारळ आणला. शेकडो वर्षांपूर्वी गोव्याकडून आलेल्या सारस्वतांची वस्ती आहे तिथे, त्यामुळे दुकानदार कोकणीत बोलले, मी मराठीत, आणि भाव दोघांनाही कळला. होडीच्या मागच्या टोकावर उभे राहून आम्ही समुद्राला हात जोडले आणि नारळ सोडला. पावसाळ्यात खाडीतून जलपर्णीचे तांडे वाहत येतात; नारळ त्यातल्याच एकावर अलगद बसला आणि बसूनच राहिला. पाच मिनिटांत रखवालदार लांब आकडी घेऊन धावत आला, त्याने मोठ्या कौशल्याने तो बाहेर ओढला आणि पुसून माझ्या हातात दिला. “चेच्ची, नारळ पडला होता,” असे त्याने हातवाऱ्यांनी सांगितले. केरळात नारळ मुद्दाम कोणी पाण्यात टाकील, ही कल्पनाच त्याला शिवली नसावी.

समुद्राने नाकारलेल्या नारळाचे काय करावे, याविषयी शास्त्रात काही असल्यास मला ठाऊक नाही. हे म्हणाले, “नारळीभात कर.” मी नारळ फोडला, खवला, तांदूळ धुऊन ठेवले आणि गुळासाठी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘गूळ : पुढची केबिन, बिछान्याखाली, नळीच्या मागे.’

ह्यांनी न बोलता गादी उचलली, फळ्यांचे स्क्रू पाहिले आणि विचारले, “स्क्रूड्रायव्हर कुठे लिहिलाय?”

मी पान उलटले. तो गुळाच्या मागे होता.