डोळे झाकून न्या म्हणे! कुठलं स्टील ते आधी सांगा

आमच्या घरात रोज जोंधळ्याची भाकरी होते, दोन वेळची आमटी-भात होतो. त्याला एक तवा, एक कढई आणि दोन पातेली पाहिजेत, बास. पैसे मोजून देणार आहे, फुकट मागत नाही. तरी बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार, तिथनं शहापूर, पाय तुटेस्तोवर फिरा, हे भांडं कशाचं आहे एवढं सरळ सांगणारा भेटत नाही!

विचारलं की ठरलेलं उत्तर. "अक्का, चांगला माल आहे की, डोळे झाकून न्या." का म्हणून झाकायचे? स्टीलची ग्रेड ३०४ की २०२, असं नेमकं विचारलं की गल्ल्यातनं लोहचुंबक बाहेर येतं. चिकटलं नाही म्हणजे अस्सल, म्हणे. साफ खोटं! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. चुंबक दोन्हींना चिकटत नाही. आणि इंडक्शनवर चालणाऱ्या ४३० ला चिकटतं, ते काय स्टील नव्हे? मग ही परीक्षा कसली घेता? फरक कळतो तो पुढं, चिंच-मीठ लागून लागून २०२ च्या बुडाला तांबूस ठिपके धरले की. तेव्हा दुकानात गेलं तर पावती मागतात. घेताना आपण पावती मागितली तेव्हा मात्र ह्यांचं तोंड वाकडं झालेलं असतं.

तांब्याचं बूड म्हणून जास्त पैसे घेतात तेही तसंच. बहुतेक भांड्यांवर तो तांब्याचा नुसता पातळ मुलामा असतो. त्यानं आच काय पसरणार? आमटी मधोमध लागायची ती लागतेच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते नॉनस्टिक तव्यावरनं. "भाकरीला चालतो का?" "सगळं चालतं की अक्का." अहो, कसं चालेल? भाकरीला तवा कोरडाच सणसणीत तापवावा लागतो. भाकरी टाकायची, वरनं पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकत आलं की उलटायची. गार तव्यावर भाकरी फुगत नाही, चिरते. आणि नॉनस्टिकचा थर २६० अंश सेल्सिअसच्या पुढं खराब व्हायला लागतो. मोठ्या आचेवर रिकामा पातळ तवा तिथपर्यंत जायला काही मिनिटं पुरतात. रिकामं भांडं तापवू नका, असं खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते विकणाऱ्यानं वाचायचं नाही, आणि थर निघाला की आम्हाला सांगायचं, "तुम्ही वापरला नीट नाही." महिन्याच्या हिशेबातनं पैसे बाजूला काढून आणलेल्या तव्याबद्दल हे ऐकून घ्यायचं?

भाकरीला खरा तवा बिडाचा. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, ह्या गावात लोखंड ओतणारी माणसं आहेत. आणि त्याच गावच्या बाजारात हातात येतो तो काळा रंग फासलेला बिडाचा तवा! पहिल्यांदा तापवला की घरभर वास, दुसऱ्यांदा रंगाचे पापुद्रे भाकरीला चिकटून वर. बिडाच्या तव्याला तेल लावून तापवून तयार करायचं असतं, रंग नाही द्यायचा, हे ओतणाऱ्याला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. बाईमाणूस काय विचारणार, हा हिशेब आहे सगळा.

प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, म्हणून तिथं निदान बघायला काहीतरी असतं. तसंच पातेल्याच्या बुडाला ग्रेड आणि जाडी ठोकायला कितीसा खर्च येतो? नाव ठोकून देणारं मशीन प्रत्येक दुकानात आहे. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर अख्खी वंशावळ कोरून देतात, मग हे चार आकडे का जमत नाहीत?

मी आता पावतीवर ग्रेड लिहून मागते. नाही लिहिलं की भांडं तिथंच ठेवून बाहेर. तुम्हीही मागा, आणि मागताना आवाज चढवूनच मागा.