बारा फुटी बोळ पुरतो, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यापासून सांगली, मिरज, कुपवाडच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी ‘बघा, पटतंय का’ म्हणून विचारलं. मेसेज थोडक्यात असा: नवीन लेआउटमध्ये, म्हणजे रानाचे प्लॉट पाडण्याच्या नकाशात, ९ मीटर, म्हणजे जवळपास तीस फुटी रस्ता सोडायला लावणारा नियम पुण्या-मुंबईसाठी केलेला आहे, तो सांगलीवर लादलाय. त्यापायी शेतकऱ्याची निम्मी जमीन रस्त्यात जाते. सांगलीच्या जुन्या गावभागात पिढ्यान्‌पिढ्या लोक दहा-बारा फुटी बोळात सुखानं नांदले. रुंद रस्ता केला की गाड्या सुसाट सुटतात आणि पोरांच्या जिवावर बेततं. आगीचा बंब तरी वर्षातून कितीदा येतो? आणि शेवटी गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट, सरकार नियमित करतंच, रस्ता महापालिका करून देतेच, मग आधीच एवढी जागा कशाला घालवायची?

मी वीस वर्षं लेआउटचे नकाशे काढतोय. हा मेसेज पाठवणाऱ्यांत ओढाताण करून पहिला प्लॉट घेणारी माणसं आहेत, ती उद्या याच बोळात राहायला जाणार आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पुण्या-मुंबईचा मुद्दा लगेच संपतो. हा रस्ता ज्या नियमावलीत येतो ती राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली. ती मुंबई महापालिकेला लागूच नाही, मुंबईची नियमावली वेगळी आहे. ही केली आहे आपल्यासारख्या महापालिका, नगरपालिका आणि प्रादेशिक योजनेतल्या गावांसाठी. सरसकट तीस फूट असंही तिच्यात नाही. लेआउटमधला रस्ता १५० मीटरपर्यंत लांब असेल तर ९ मीटर रुंद, १५० ते ३०० मीटर लांब असेल तर १२, त्याहून लांब असेल तर १५. लांब रस्त्यावर घरं जास्त, म्हणून रुंदी जास्त. जुन्या दाट वस्तीचे नियम वेगळे लिहिलेले आहेत, गावभागाला कुणी तीस फुटांचा रस्ता मागत नाही.

आता ‘निम्मी जमीन जाते’. एक एकर चौकोनी रान धरा, बाजू साधारण २०९ फूट. मधोमध रस्ता आणि दोन्ही अंगांना सात-सात प्लॉट. रस्ता १२ फुटी ठेवला तर त्यात सव्वादोन गुंठे जातात. ९ मीटर ठेवला तर साडेपाच गुंठ्यांच्या थोडं वर, म्हणजे चाळीस गुंठ्यांतले चौदा टक्के. एकरभर जमिनीत दहा टक्के खुली जागाही सोडावी लागते; हिशोब सोपा राहावा म्हणून वरच्या मोजणीत ती धरली नाही, पण धरली तरी बेरीज चोवीस टक्क्यांवर थांबते. निम्मी कुठून आली?

आणि बोळ व रस्ता यांतला फरक किती, तर सव्वातीन-साडेतीन गुंठे, तोही चौदा प्लॉटवर विभागून. समोरच्या हद्दीपासून मागच्या कुंपणापर्यंत जो प्लॉट ९८ फूट भरला असता, तो साडेएकोणनव्वद फूट भरतो. प्रत्येकानं आपल्या दारातली नऊ फूटसुद्धा जागा दिलेली नाही, आणि सगळ्यांना तीस फुटी रस्ता मिळाला. त्या नऊ फुटांचे पैसे वाचवण्यासाठी पुढे काय घालवावं लागतं ते हा मेसेज सांगत नाही. महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१० वर अडतो. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकाम हक्क) घेऊन तो २ पर्यंत नेता येतो. एका गुंठ्यावर कागदोपत्री सुमारे १,२०० चौरस फूट बांधायचं की २,१७८, हे समोरचा रस्ता ठरवतो. ज्याला उद्या मुलासाठी वरचा मजला चढवायचाय त्यानं हे आकडे टोकनचे पैसे मोजण्याआधी बघावेत.

गावभागाचा मुद्दा मात्र मनाला भिडणारा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. माझं आजोळ तिथलं. त्या बोळांत उन्हाळ्यात सावली असते, शेजार असतो, ओट्यावर बसलेलं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतं. पण ते बोळ का चालले ते बघा. आत वाडा होता, वाड्याला चौक आणि मागं परसू. पावसाचं बरंचसं पाणी चौकात आणि परसात मुरायचं. बोळातून माणूस, फार तर बैल किंवा सायकल जायची. आणि बहुतेक बोळ एका आळीतून शिरून दुसऱ्या आळीत निघायचा. आज बारा फुटी बोळ काढून जे प्लॉटिंग होतं त्यात यातलं काहीच नसतं. गुंठाभर जागा, हद्दीला हद्द लावून घर, वर स्लॅब, खाली फरशी, दारात दोन दुचाक्या आणि एक चारचाकी, आणि बोळाचं दुसरं टोक शेजारच्या कंपाउंडनं बंद. बोळ उचलला, गावभाग नाही.

परवा मी आमच्या घरामागच्या बोळात टेप धरला. खरेदीखतात लिहिलंय, ‘पूर्वेस १२ फुटी रस्ता’. एका अंगाला दीड फुटाचं गटार. गटारावरून घरात चढायला पायऱ्या, त्या आणखी दीड फूट बाहेर. समोरच्या अंगाला विजेचा खांब, भिंतीपासून दीड फूट आत येऊन उभा. मोकळी जागा भरली साडेसात फूट. १०८ची गाडी साडेसहा-सात फूट रुंद, आरसे वेगळे. आगीचा बंब साधारण अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट. तो आत येण्याचा प्रश्नच नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात याच बोळातल्या एका काकांच्या छातीत रात्री कळ आली. १०८ वेळेवर आली आणि बोळाच्या तोंडाशी थांबली. आत पोटरीभर पाणी होतं, त्यातून स्ट्रेचरची चाकं ओढता येईनात. आम्ही चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि उचलून नेलं. बोळाच्या तोंडापर्यंत १४० पावलं आहेत, नंतर मी मोजली. मधे एका मोटारसायकलपाशी खुर्ची खाली ठेवून गाडी बाजूला ओढावी लागली. काकू मागून एकच विचारत होत्या, ‘पोचलो का रे?’ काका वाचले. ‘बंब वर्षातून कितीदा येतो’ असं लिहिणाऱ्यानं त्या रात्री खुर्चीचा एक पाय धरला असता तर ती ओळ मेसेजात आली नसती.

रोजचंही बघा. घंटागाडी आत येत नाही, कारण टोकाला वळायला जागा नाही आणि १४० पावलं रिव्हर्स कोण घेणार? मग कचरा कोपऱ्यावर साठतो. घर बांधायला काढलं की विटांची ट्रॉली कोपऱ्यावरच रिकामी होते, तिथून आत डोक्यावरून नेण्याचे पैसे वेगळे. बंद टोकाच्या रस्त्याबद्दल राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलंय: टोकाला वळण्यासाठी निदान ८१ चौरस मीटर जागा हवी आणि तिची कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. तिथंच आणखी एक अट आहे, जी मला सगळ्यात शहाणी वाटते. बंद टोक हे सुरुवातीच्या टोकापेक्षा उंचावर हवं. म्हणजे आत पडलेलं पाणी बाहेरच्या मोठ्या गटाराकडे निघून जाईल, शेवटच्या घरात शिरणार नाही.

सांगलीत ही अट सोन्यासारखी आहे. आपलं रान सपाट, माती काळी, पाणी मुरायला दिवस लागतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पण महापुराचं सोडा. शामरावनगरसारख्या सखल भागात नुसत्या पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही, तिथं नदी आलेलीच नसते. पाण्याला उतार लागतो. गटाराला दर २०० फुटांमागे एक फूट उतार धरला तर १५० मीटरच्या रस्त्याला सुरुवातीपासून शेवटापर्यंत अडीच फूट उतार द्यावा लागतो. तेवढं खोल जाणारं गटार, शिवाय पिण्याच्या पाण्याची लाइन, ड्रेनेजचे चेंबर आणि विजेचे खांब, हे सगळं बारा फुटांत एकमेकांच्या अंगावर येतं. पाण्याचा पाइप गटारातून जाताना मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. जोड गळका निघाला की पहिल्या पावसात पोटाचे आजार त्याच गल्लीत. लेआउटमधला रस्ता हाच वसाहतीचा पहिला नाला असतो. तो अरुंद केला की पाणी दुसरी वाट शोधतं, आणि ती उंबऱ्यावरून जाते.

गाड्या सुसाट सुटतात, हे मात्र खरं आहे. शंभर फुटी रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण मेसेजात एक घोळ आहे. ९ मीटर ही रस्त्याच्या जागेची रुंदी आहे, डांबराची नाही. त्यातला साडेपाच मीटर डांबर किंवा काँक्रीट केला की दोन गाड्या सावकाश एकमेकींशेजारून जातात. उरतात दोन्ही अंगांना पावणेदोन मीटर. तिथं झाकलेलं गटार, त्यावरून चालायची वाट, खांब आणि मधे-मधे झाड. पोरांना उभं राहायला जागा तिथं मिळते. बारा फुटी बोळात पोर दारातून पाय टाकतं ते थेट चाकासमोर. वेगाला आवर घालायचा तर रस्ता लांबलचक सरळ काढू नये, दीडशे मीटरच्या आत वळण किंवा चौक यावा. कोपरे गोल कापावेत म्हणजे येणारी गाडी आधी दिसते. आणि गतिरोधक करायचाच तर नीट करावा. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून गाडी पंचविसाच्या वेगानं अलगद जाते. आपल्याकडे उरलेल्या काँक्रीटचा जो अरुंद उंचवटा रात्रीत घातला जातो, त्यानं वेगाआधी म्हाताऱ्या माणसांचे मणके मोडतात.

सगळ्यात घातक ओळ शेवटची आहे: गुंठेवारी नियमित होतेच. नियमित होते, हे खरं. कायदा २००१ चा आहे. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी त्यात बसायची, २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला त्यात जागा नाही, हे एक. दुसरं, नियमित होतं ते काय? शुल्क भरून कागद सरळ होतो, बांधकाम परवानगी आणि कर्जाची वाट मोकळी होते. समोरचा बोळ बाराचा तेरा फूट होत नाही. गुंठेवारीतल्या लोकांची मी कितीतरी प्रकरणं केली आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. ज्यांच्याकडे तेवढेच पैसे होते त्यांनी मिळेल तिथं घर केलं. राग आहे तो आज, सगळं दिसत असताना, तीच चूक नव्यानं विकणाऱ्यांवर.

महापालिका रस्ता करून देते म्हणजे काय करते तेही सांगतो. डांबर टाकते, गटार बांधते, दिवा लावते. जमीन ती निर्माण करू शकत नाही. रुंद करायचं तर एक वाट भूसंपादनाची, म्हणजे मोबदला आणि वर्षानुवर्षांची केस. दुसरी वाट महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० ची, म्हणजे रस्तारेषा ठरवायची आणि जो पुन्हा बांधेल त्यानं तेवढं मागं सरकायचं. एकजण या वर्षी सरकतो, शेजारचा पंधरा वर्षांनी, तिसऱ्याच्या वारसांचं पटतच नाही. दोन्ही कडा करवतीच्या दातांसारख्या होतात आणि मागं सरकलेल्याच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याची गाडी लागते. शिवाय विनामंजुरी प्लॉटिंगमध्ये बोळाची जमीन सातबाऱ्यावर बहुतेक वेळा मूळ मालकाच्याच नावावर राहते. तो असेपर्यंत ठीक, पुढे वारस येऊन म्हणतात, रस्ता आमचा. मंजूर लेआउटमध्ये रस्ता, गटार, दिवे करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, रस्त्याची जमीन मोजून वेगळी निघते आणि शेजारच्या रानात उद्या लेआउट झाला तर रस्ता पुढं जोडता येईल असा काढावा लागतो. प्लॉट बघायला जाल तेव्हा मंजूर नकाशा मागा, खिशात टेप न्या आणि रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत चालत जा.

आमच्या कॉलनीच्या दक्षिणेला एक उसाचं रान गेल्या महिन्यात मोकळं झालं. रविवारी तिथं प्लॉट आखायला फक्की टाकली. मधे बारा फुटी पट्टा, दोन्ही अंगांना सात-सात प्लॉट, टोकाला ओढ्याचा बांध आणि रानाचा उतारही त्याच बांधाकडं. हाच मेसेज तिथं छापून वाटताहेत. चौदांतले पाच प्लॉट टोकनवर गेलेत. त्या पाचांपैकी तिघांना मी काल घरी बोलावलं, ९ मीटर रस्ता आणि साडेएकोणनव्वद फुटी प्लॉट असा नकाशा काढून दाखवला. दोघे तयार आहेत. तिसरा म्हणाला, घरी विचारून सांगतो. उरलेल्या दोघांकडे आज संध्याकाळी जायचंय आणि मग सगळ्यांनी मिळून मालकाकडे. अजून खरेदीखत झालेलं नाही, खुंट्या लाकडाच्या आहेत आणि एकाही प्लॉटचा पाया खणलेला नाही.