‘आईचे शिक्षण’ हा रकाना

शाळाप्रवेशाच्या अर्जात ‘आईचे शिक्षण’ असा एक रकाना असतो. तिथं आल्यावर बाया आवाज खाली करतात. बालवाडीत शिकवायला लागल्यापासून दर वर्षी बघतेय. "चौथीच झालीय हो बाई," आणि लगेच, "आता तुम्हीच बघा त्याचं."

मला त्रास होतो तो या दुसऱ्या वाक्याचा. कारण त्या दिवसापासून ती आई मागे सरकते.

माझी आई दुसरीतून सुटली. जोडाक्षर आलं की अडायची. पुस्तकातली एकही गोष्ट तिनं मला वाचून दाखवली नाही. पण कपड्यांच्या घड्या घालताना शेजारी बसवायची. "बाबांच्या शर्टाला बटणं किती? एक तुटलंय, मग राहिली किती?" शाळेतून आले की विचारायची, आज काय झालं. मी एक वाक्य सांगायचे. ती म्हणायची, "मग?" मी आणखी सांगायचे. परत, "मग?"

त्या ‘मग?’चं मोल मला फार उशिरा कळलं. 1995 साली अमेरिकेतल्या 42 कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून, गरीब घरातलं मूल शाळेत येण्याआधीच सुशिक्षित घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, असा अंदाज काढला गेला. आकडा जगभर फिरला. त्या 42 मध्ये अगदी गरीब कुटुंबं फक्त 6 होती, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मुलाच्या आसपास बोलणाऱ्या घरातल्या बाकी माणसांचेही शब्द मोजले, तेव्हा ती दरी तशी सापडली नाही. त्याच वर्षी 4 ते 6 वर्षांच्या 36 मुलांवर आणखी एक अभ्यास झाला. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मोठ्यांशी त्याचं बोलणं-उत्तर-बोलणं किती वेळा झालं, त्याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाशी दिसला. घरची मिळकत आणि पालकांचं शिक्षण हिशेबात धरूनही.

शिक्षणानं फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. पडतो. शिकलेल्या आईला शाळेची सूचना वाचता येते, बाईंना प्रश्न विचारताना तिची जीभ अडखळत नाही. पुढच्या वर्गांत अभ्यासातही मदत होते. पण सुरुवातीला मुलाला जे लागतं ते बोलणं आहे, आणि ते दुसरी शिकलेल्या आईकडेही भरपूर असतं.

ते आपणच बंद पाडतो. "घरी शाळेचीच भाषा बोला," असं पालकसभेत सांगितलेलं मी ऐकलंय. ती भाषा येत नसलेली आई मग काय करणार? घरी जाऊन ती ‘बस’, ‘घे’, ‘चल’ एवढंच बोलते, आपलं बोलणं चुकीचं आहे असं समजून. तायांनो, तुमच्याच भाषेत बोला. गाऱ्हाणी सांगा, लहानपणीचं सांगा, त्याला विचारा आणि तो उत्तर शोधेपर्यंत थांबा.

आणि माझ्या शिक्षक मैत्रिणींनो, वहीत चिकटवलेली चिठ्ठी ज्या आईला वाचता येत नाही तिला आपण ‘निष्काळजी’ म्हणतो. मीही म्हटलंय, त्याचं वाईट वाटतं. गेल्या वर्षीपासून प्रत्येक सूचना मी फोनवर आवाजात रेकॉर्ड करून पाठवते. पहिल्याच आठवड्यात सभेला कधीही न आलेल्या एका आईचा उलट आवाज आला. लेकाबद्दल चार मिनिटं बोलत होती.