'११० सांगून ४७ वर बंद पडली' : एका स्टारच्या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

सप्रेम नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. खरं तर मी वाचायच्या आधी दुसऱ्यानेच मला वाचून दाखवला. परवा एक गृहस्थ दुकानात आले, चक्कर मारून आले, गाडी आवडली म्हणाले. बुकिंगची पावती लिहायला घेतली तेवढ्यात त्यांनी मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. "हे काय आहे?" पावतीवर तारीख घालून झाली होती, तेवढीच राहिली.

तुमचं म्हणणं असं : आम्ही ११० किलोमीटर चालते असं सांगून इलेक्ट्रिक स्कूटर गळ्यात मारली, सिंहगडाहून परत येताना ती ४७ वर बंद पडली, डिस्प्ले गेला तेव्हा नऊ दिवस इथे पडून होती, मागचं पॅनल खडखडतं, शेजाऱ्यांना हीच गाडी स्वस्तात मिळाली. आणि शेवटी, "खोटं बोलून धंदा करणारी माणसं."

नऊ दिवसांबद्दल मनापासून माफी मागतो. पार्ट कंपनीकडून आला नव्हता हे खरं, पण गाडी तुम्ही माझ्याकडून घेतलीत, कंपनीशी तुमचा काय संबंध. निदान रोज फोन करायला हवा होता. तिसऱ्या दिवसानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि मग फोन करायचीच लाज वाटायला लागली. मी २२ वर्षं पेट्रोलच्या गाड्या खोलल्या आहेत. कार्बोरेटर काढायचा, जेट साफ करायचा, प्लग घासायचा, अर्ध्या तासात गिऱ्हाईक रस्त्यावर. या गाड्यांत डिस्प्ले गेला की अख्खा डिस्प्ले बदलायचा, मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर गेला की अख्खा कंट्रोलर. आत हात घातला की वॉरंटी गेली. दुरुस्ती येत असून पार्सलची वाट बघत बसायचं, हे माझ्याही अंगावर येतं. (डिस्प्लेत पाणी कुठून शिरलं याबद्दल मी तेव्हा अवाक्षर काढलं नाही. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाणार नाही, असा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाची नळी हँडलवर रोखली तरी चालेल, असा नाही. असो. डिस्प्ले वॉरंटीतच बदलून दिला.)

पॅनलचंही मान्य. पेट्रोलच्या गाडीत इंजिनच इतकं धडधडत असतं की दहा क्लिपा सैल झाल्या तरी पत्ता लागत नाही. ही गाडी मुकी, त्यामुळे एकेक क्लिप ऐकू येते. तरी वाजायला नकोच होतं. या नव्या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्यांनी दिव्यांच्या आकारावर जेवढा जीव टाकलाय तेवढा उघडझाप होणाऱ्या भागांवर टाकलेला नाही, असं माझं मत आहे आणि ते मी गाडी विकतानाच सांगतो. चार्जिंगच्या झाकणाचं रबर एका पावसाळ्यात ढिलं पडतं. सीटखाली बॅटरी असल्यामुळे डिक्कीत हेल्मेट धड बसत नाही. मोटर मागच्या चाकातच आहे, म्हणजे टायर बदलायला चाक उतरवायचं तर आधी तिची वायर सोडवा. नाक्यावरचा पंक्चरवाला ते बघूनच हात वर करतो. पण साहेब, गाडी भरवशाची आहे की नाही हे मोटर, बॅटरी आणि ब्रेक यांवरून ठरवा. तुमच्या गाडीत या तिघांनी आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

आता ११०. हे मला लागलं.

११० हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकावर आहे आणि तोही कुणी मनाने छापलेला नाही. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या चक्राप्रमाणे, म्हणजे कधी किती वेग घ्यायचा, कधी थांबायचं याच्या ठरलेल्या क्रमाने पळवतात. त्या चक्रात वेग ४२ च्या वर जातच नाही, सरासरी पडते २२ च्या आसपास. समोरून वारा नाही, खड्डा नाही, घाट तर नाहीच नाही. कोथरूडच्या ज्या टेकडीला अख्खं पुणं एआरएआयची टेकडी म्हणतं, तिथल्या संस्थेचं कामच गाड्यांच्या अशा चाचण्या घेऊन दाखला देणं हे आहे. म्हणजे तो आकडा खोटा नाही, फक्त तो सिंहगड रस्त्याचा नाही. दोन गाड्या शेजारी ठेवून डावं-उजवं करायला तो ठीक आहे.

म्हणून मी माझा आकडा वेगळा काढतो. नवीन मॉडेल आलं की पहिला आठवडा मीच चालवतो. माझं वजन ८४. धायरी ते स्वारगेट, तिथून मंडई, परत. मागे कधी मुलगी, कधी वीस लिटरचा पाण्याचा जार. सिग्नलला थांबत, उड्डाणपूल चढत. तुमच्या मॉडेलचा आकडा आला एकट्याला ७५ ते ७८, दोघांना ६५. हा दुकानातल्या पांढऱ्या फळ्यावर आहे. तुमच्या कोटेशनवरही आहे. छापील ११० वर मी पेनने काट मारली आहे आणि बाजूला लिहिलंय, "एकटे ७५–७८, दोघे ६५, घाट वेगळा." वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, "घाट वेगळा म्हणजे?" आणि तुम्ही म्हणालात, "आपण कुठे घाटात जातोय." त्यांना विचारून बघा. कार्बन कॉपी माझ्या फाइलला आहे. दाखवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

घाट वेगळा म्हणजे काय ते तेव्हा नीट सांगायचं राहिलं, आता सांगतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सिंहगड १३०० च्या वर. गाडीतळापर्यंतच धरलं तरी जवळजवळ ७०० मीटर चढायचं. गाडी, तुम्ही, वहिनी, पुढे उभे राहिलेले चिरंजीव आणि पिशव्या मिळून २७० किलो धरा. एवढं ओझं ७०० मीटर नुसतं वर उचलायला अर्धं युनिट वीज जाते. हे शाळेतलं गणित आहे, माझ्या पदरचं नाही. मोटर आणि कंट्रोलर तापण्यात वाया जाते ती वेगळी, रस्ता कापायला लागते ती वेगळी. तुमची बॅटरी आहे २.७ युनिटची. तेवढ्याच अर्ध्या युनिटात सपाटीला तुम्ही पंधरा किलोमीटर गेला असतात. उतरताना थोडी बॅटरी भरते, पण चढताना गेलेली सगळी काही परत येत नाही. आणि चढ तुम्ही स्पोर्ट मोडवर, म्हणजे सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या मोडवर चढलात.

शिवाय त्या सकाळी गाडी फुल चार्ज नव्हती. तुम्ही तसं लिहिलंय, पण टेम्पोतून गाडी आणली तेव्हा काउंटरवर तुम्हीच ॲप उघडून दाखवलंत, त्यात निघतानाचा आकडा ८१ टक्के होता. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली ती बारीक एक्स्टेंशन वायर रात्री तापून चार्जिंग तुटलं असणार, असा माझा अंदाज. १६ अँपियरचा, अर्थिंग असलेला पॉइंट घ्या, वायरमन मी पाठवतो, हे डिलिव्हरीच्या दिवशी पेढे देताना बोललो होतो. पेढे लक्षात राहिले असतील. तर ८१ टक्के बॅटरी, तिघं जण, घाट आणि स्पोर्ट मोड. कागदावर मांडलं की ४७ च्या आसपासच येतं. मी रात्री तीन वेळा मांडून बघितलं, शेवटी बायको म्हणाली दिवा मालवा आता.

बंद पडायच्या आधी गाडी "२० च्या वेगाने रडत चालली" असंही तुम्ही लिहिलंत. तो बिघाड नाही. बॅटरी तळाला आली की ती आपणहून वेग कमी करते, उरलेल्या चार्जवर माणूस कडेला, सावलीला, नाहीतर एखाद्या दुकानापर्यंत तरी पोचावा म्हणून. पेट्रोलच्या गाडीला रिझर्व्ह असायचा, तसंच समजा.

मदत मिळाली नाही असं तुम्ही लिहिलेलं नाहीत, त्याबद्दल आभार. मिळाली असंही लिहिलेलं नाहीत. १२ वाजून १० मिनिटांनी तुमचा फोन आला, रविवारचा. आमचा पोरगा ताटावरून उठून टेम्पो घेऊन निघाला. खडकवासला चौपाटीवर रविवारी दुपारी काय असतं ते पुणेकराला सांगायला नको. कणसं, भजी आणि दोन्ही बाजूंना वाट्टेल तशा लावलेल्या गाड्या. तो दीड वाजता पोचला. टेम्पोचे पैसे आपण घेतले नाहीत.

आणि दुकानात उतरल्यावर चार माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "मेकॅनिकने शोरूम टाकली की असंच व्हायचं." हे इथे लिहिणार नव्हतो. मेकॅनिक होतो आणि आहे. वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी व्होल्ट-अँपियर पुन्हा शिकायला बसलो, कर्ज काढलं, गॅरेजचं ऑइल घासून काढून टाइल्स बसवल्या. त्या टाइल्सवर उभं राहून तुम्ही ते बोललात, आणि आमच्या पोरांनीही ते ऐकलं. जाऊ द्या.

किमतीचं थोडक्यात. शेजाऱ्यांची गाडी मे २०२३ मधली आहे, हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा केंद्राचं अनुदान बॅटरीच्या एका युनिटमागे १५ हजार होतं. १ जून २०२३ ला ते १० हजारांवर आलं, एप्रिल २०२४ ला ५ हजारांवर. तुमची गाडी त्यानंतरची. त्या फरकातला एक रुपया माझ्या गल्ल्यात आलेला नाही.

आमच्याकडून काही गोष्टी बदलतो आहोत. फळ्यावरचा आकडा मोठ्या अक्षरात लिहू, घाटाचंही त्यात काहीतरी घालू. पार्टला उशीर होत असेल तर कळवायची व्यवस्था करतोय, म्हणजे घरचेच कुणीतरी फोन करतील. एक डिस्प्ले जादा आणून ठेवता येतो का, हे कंपनीच्या माणसाशी बोलणं चालू आहे. पैसे अडकतात त्यात, पण बघू.

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. पॅनलबद्दल लिहा, नऊ दिवसांबद्दल लिहा, ४७ बद्दलही लिहा. फक्त ११० लिहिताना त्यावरची काटही लिहा, आणि "खोटं" हा एक शब्द काढता आला तर बघा. महिन्याला आठ-दहा गाड्या जातात माझ्याकडून. त्यातल्या दोन जरी त्या शब्दामुळे अडल्या तरी एका पोराचा पगार जातो.

पॅनलच्या क्लिपा आल्या आहेत. वीस मिनिटांचं काम, पैसे नाहीत. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या, येताना चार्जर आणि ती एक्स्टेंशन वायरही आणा म्हणजे बघतो. चिरंजीवांची निळी टोपी टेम्पोत राहिली होती, ती धुऊन काउंटरच्या खणात ठेवली आहे.

आपला,
दुकानमालक (आणि मेकॅनिक), धायरी