“पोरं घुमी झाली” वाल्या फॉरवर्डला उत्तर

चार दिवस झाले, सांगलीतल्या आमच्या तीन-तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतोय. आमच्या वेळी एकही पोरगं लाजाळू नव्हतं, मोबाईलनं आणि पाश्चात्त्य संस्कृतीनं ही पिढी घुमी केली, आणि उपाय काय तर चार माणसांत ढकला, आपोआप सरळ होतील. फॅमिली ग्रुपवर मामांनीच टाकलाय म्हणून तिथं गप्प बसलो (भीड, दुसरं काय), इथं लिहितो.

“आमच्या वेळी कुणी लाजाळू नव्हतं.” मग बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, एकलकोंडा हे शब्द काय जिओ आल्यावर निघाले का? “भीड भिकेची बहीण” आज्जीच म्हणायची की. लाजाळू पोरं होतीच, फक्त कुणाला खटकत नव्हती. मुलगी पोह्यांची डिश ठेवून खाली मान घालून बसली की “किती सालस”, आणि रानात राबणाऱ्या पोराला स्वतःची ओळख करून दे असं कोण म्हणत होतं? आता तेच पोरगं कॅम्पस इंटरव्ह्यूत अडखळलं की पर्सनॅलिटी नाही म्हणे. पोरगं तेच आहे, मागणी बदलली.

शांघायमध्ये झिनयिन चेन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं, १९९०, १९९८ आणि २००२ अशा तीन वेळची शाळकरी मुलं घेऊन. १९९० ला लाजरी मुलं वर्गात आवडती, अभ्यासात पण बरी. १९९८ ला चित्र धूसर. २००२ ला तसलीच मुलं वर्गाला नकोशी आणि आतून उदास. बारा वर्षांत मुलांचं रक्त बदलत नसतं हो, मधल्या काळात तिथं बाजार आला, स्पर्धा आली, आणि पुढं पुढं करणाऱ्याला भाव आला.

मोबाईल आणि पाश्चात्त्य संस्कृती? जपानमध्ये सहा-सहा महिने, वर्षानुवर्षं घरात कोंडून घेणाऱ्यांना हिकिकोमोरी म्हणतात, तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिलं १९९८ ला, आणि आयफोन आला २००७ ला. जपान पाश्चात्त्य कधी झालं ते मामांनाच विचारा. मोबाईल अगदी साधा आहे असं नाही, लपायला सोयीचा कोपरा आहेच, पण लपावंसं का वाटतं हा प्रश्न त्याच्या आधीचा.

आता ते ढकलणं. माझा भाचा, बारावीत, विश्रामबागला राहतो. दिवाळीत आठ-दहा पाहुण्यांपुढं त्याला उभा केला, “बोल की इंग्लिशमध्ये दोन वाक्यं”, आणि हा भडंगाची वाटी हातात धरून एकेक शेंगदाणा बाजूला काढतोय, कान लालबुंद. तेव्हापासून बेल वाजली की गच्चीवर पळतो. हाच पोरगा माझी गाडी बंद पडली तेव्हा गॅरेजवाल्याशी कार्बोरेटरवर अर्धा तास बोलत होता, मीच म्हटलं चल आता, भूक लागली.

जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांवर काम केलं, त्यात साधारण पाचातलं एक बाळ नवं खेळणं, नवा आवाज आला की हातपाय झाडून रडायचं, आणि त्यातली बरीच पुढं बुजरी निघाली, सगळी नाही. म्हणजे थोडं उपजतच असतं, त्याला संस्कार काय करणार.

फक्त एक, बुजरं असणं वेगळं आणि तुटत जाणं वेगळं. कॉलेज सुटलं, दिवसाची रात्र झाली, जुन्या मित्राचा फोन पण उचलेना, तर “लाजाळू आहे” म्हणून झाकून ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.